गेलेले आणि राहिलेले

फेब्रुवारीत कॅनडाला जाऊ नये, असं आम्हाला साताऱ्यात ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यातलं कुणीही कधी देशाबाहेर गेलेलं नव्हतं. तरी त्यांचंच बरोबर निघालं. आमचे हे पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना तिकिटं फेब्रुवारीत स्वस्त मिळाली, आणि स्वस्तात मिळालेली वस्तू सोडायची नाही हा त्यांचा जन्माचा बाणा. आमची लेक मृदुला हॅलिफॅक्सला एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. ती फोनवर कळवळून म्हणाली, "आई, मे महिन्यात या ना, स्नो संपलेला असतो." पण तोवर तिच्या बाबांनी पैसे भरून टाकले होते.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत आम्ही हॅलिफॅक्सला उतरलो. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि नाकातले केस ताठ झाले. ह्यांनी स्वेटरवर स्वेटर चढवले होते आणि डोक्याला माझ्या हातची विणलेली कानटोपी. मृदुलाने आम्हाला पाहून हसू दाबलं आणि गाडीतून दोन जाडजूड कोट काढले. "हे घाला. आर्डिथने पाठवलेत तुमच्यासाठी." आर्डिथ म्हणजे तिच्या इस्पितळातल्या एक निवृत्त बाई. मृदुला पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला थंडीचा कोट देणाऱ्या, गाडीला विंटर टायर लावायला लावणाऱ्या आणि बर्फावरून गाडी कशी चालवायची ते शिकवणाऱ्या. परक्या देशात आपल्या पोरीच्या अंगावर ज्या बाईने कोट घातला तिला भेटायचंच, असं मी गाडीतच ठरवलं.

शहराचं वर्णन फार करत नाही. बंदराच्या एका काठाला हॅलिफॅक्स, समोरच्या काठाला डार्टमथ, मधून फेरीबोट. मृदुलाचं घर डार्टमथला. समुद्र करडा, आकाश करडं, आणि मधे नौदलाची जहाजंही करड्याच रंगाची. फेरीतून जाताना वारा असा लागायचा की डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि शेजारच्या बाकावर कोणी पोरगा आइस्क्रीम खात बसलेला असायचा. ही माणसं वेगळ्याच मातीची आहेत.

चौथ्या दिवशी ह्यांना फावड्याने बर्फ उपसायची हौस आली. दारापुढचा सगळा बर्फ त्यांनी दोन तास खपून रस्त्याच्या कडेला नेऊन टाकला, कमरेवर हात ठेवून अभिमानाने उभे राहिले, आणि तेवढ्यात नगरपालिकेची बर्फ ढकलणारी गाडी आली. तिने रस्त्यावरचा बर्फ ह्यांच्या बर्फासकट परत आमच्या दारात आणून घातला. "नगरपालिका इथूनतिथून सारखीच," म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस पाठ शेकत बसले.

त्या दोन दिवसांत मी मृदुलाबरोबर तिथल्या ग्रंथालयात गेले. मी जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला, त्यामुळे पुस्तकांची भिंत दिसली की पाय तिकडे वळतात. फेब्रुवारी हा तिकडे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. बाकी कॅनडात त्याला ब्लॅक हिस्टरीचा महिना म्हणतात, या प्रांतात मात्र आफ्रिकन हेरिटेजचा. दारातच मोठा फलक लावलेला होता. डाव्या बाजूला आफ्रिकेतल्या राण्या, सोन्याचे दागिने, मातीच्या भव्य मशिदी. उजव्या बाजूला लाकडी चर्च, दगड फोडणारे पुरुष, धुणं वाळत घालणाऱ्या बायका. मी मृदुलाला विचारलं, हे दोन्ही एकच का? ती म्हणाली, "सेमच ना आई, मोअर ऑर लेस."

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. सेम कसं? रायगडाचा इतिहास आणि मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेलेल्या मराठी माणसांचा इतिहास सेम का? दोन्हींत मराठी माणसं आहेत म्हणून एकाच पानावर छापायचे? मृदुलाने हात जोडले आणि म्हणाली, रविवारी आर्डिथकडे जेवायला जायचंच आहे, त्यांनाच विचार.

वस्तीवर

आर्डिथचं गाव डार्टमथपासून गाडीने थोडंसं दूर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव लहान आहे, माणसं ओळखू येतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुरटी सूचिपर्णी झाडं, आणि बर्फातून जागोजाग वर आलेला काळा खडक. आमच्या माण तालुक्यातला शेतकरीसुद्धा ही जमीन पाहून नांगर खाली ठेवील. मधे पांढरं लाकडी चर्च आणि त्याच्या आजूबाजूला विखुरलेली घरं. सगळी वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि सव्वादोनशे वर्षं जुनी.

आर्डिथ सत्तरीच्या, उंच, पाठ ताठ, अंगात पुरुषी स्वेटर. त्यांनी मला दारातच धरलं, अंगावरचा कोट नीट बसतोय का ते पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की मी जागीच खूश झाले. तुमची माणसं कोण? म्हणजे आपल्याकडचंच, तुम्ही कोणाच्यातल्या? त्या बाजूला नवा माणूस भेटला की हेच विचारतात, गोरे काय आणि काळे काय. साताऱ्याहून इतक्या लांब येऊन कुणी मला पगार, हवामान आणि विमानप्रवास सोडून हे विचारेल असं वाटलं नव्हतं. मी उत्साहाने सांगत सुटले. माहेर वाईचं, आजोळ कऱ्हाडचं, सासरचे पाटणच्या खोऱ्यातले.

मग आर्डिथनी त्यांची माणसं सांगितली. रोझची मुलगी पेशन्स, पेशन्सची हॅना, हॅनाची मार्था, मार्थाची विनी, विनीची मी आर्डिथ, माझी लोरेन, लोरेनची टाशा. हात मांडीवर ठेवून, श्वास न अडखळता, जसं आपल्याकडे कुणी पाढा म्हणावा. मधे कुठेही पुरुषाचं नाव नाही. मी हरखून गेले. आपण श्राद्धाला तीन पिढ्यांच्या बापांची नावं घेतो आणि त्यात धन्यता मानतो. इथे आईमागून आई, आठ पिढ्या.

त्यांतली शेवटची, टाशा, तिथेच बसली होती. सोळा वर्षांची, गंभीर चेहऱ्याची मुलगी. तिची आई लोरेन मॉन्ट्रियलला नोकरीला, म्हणून ही आजीपाशी. आर्डिथ सांगत होत्या की फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या सभागृहात गावजेवण असतं. जेवायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक घरातलं एक माणूस उभं राहतं आणि आपली माणसं सांगतं. विनी गेल्यापासून त्यांच्या घराची नावं आर्डिथ सांगत आल्या. आता हृदयाचं दुखणं लागलंय, उभं राहिलं की चक्कर येते. यंदा नावं टाशाने सांगायची. मी आहे तोवर ती नावं तिच्या तोंडी गेलेली मला बघायची आहेत, असं त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या.

इथे गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण जन्मभराची खोड. मी विचारलं, "आणि रोझच्या आधी? रोझचं मूळ गाव कुठलं, आफ्रिकेतलं?"

टाशाने हातातली बशी खाली ठेवली आणि आजीकडे पाहून म्हणाली, "बघितलंस, ग्रॅन? सगळ्यांना तेच हवं असतं. आणि आपल्याकडे तेच नाही." ती उठून जिना चढून वर गेली. वरचं दार लागल्याचा आवाज आला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आर्डिथनी माझ्या कपात पुन्हा चहा ओतला आणि सांगितलं ते असं. टाशाच्या शाळेत या महिन्यात मुलांना आपापला आफ्रिकन वारसा घेऊन यायला सांगितलं होतं. अलीकडे आफ्रिकेतून थेट आलेल्या घरांतली मुलंही वर्गात आहेत. त्यांनी भाषा आणली, गाणी आणली, आजोबांचं गाव नकाशावर दाखवलं. टाशाने दुकानातून एक रंगीत कापड विकत घेऊन डोक्याला बांधलं. तिला एका मुलीने विचारलं, तुमची जमात कोणती? हिला उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून म्हणते, मी नावं सांगणार नाही. आपली नावं समुद्राच्या काठाला येऊन थांबतात, तिथून पुढे काही नाही.

रोझ अमेरिकेत गुलाम होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूला येईल त्या गुलामाला मुक्ती, असं वचन निघालं, तेव्हा ती पळाली आणि जहाजात बसून इथे उतरली. जमिनीचं वचनही होतं. मिळाली ती ही, खडकाची, तीही उशिरा. त्याआधीचं काही तिने मुलीला सांगितलं नाही. का नाही, ते कुणालाच माहीत नाही.

जेवण झालं. डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवलेल्या बीन्स ह्यांनी दोनदा वाढून घेतल्या, तुकडा तिसऱ्यांदा वाढताना दिसला. आमचे हे शुद्ध शाकाहारी. त्यांनी तो तुकडा ताटाच्या कडेला सारला आणि "आता झालं ते झालं" म्हणून पुढे खात राहिले. परतताना गाडीत मला म्हणाले, "तू शाळेत इतिहास शिकवायचीस की जनगणना करायचीस?" मला हसू आलं नाही.

पुलाखालची वस्ती

मला वाटलं होतं, आर्डिथ आता आमचं नाव काढणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. बूट घालून तयार राहा, काही दाखवायचंय.

त्या मला हॅलिफॅक्सच्या टोकाला, बंदरावरच्या मोठ्या पुलाच्या पायथ्याशी घेऊन गेल्या. पाण्याच्या काठाला उतरत गेलेलं मोकळं मैदान, त्यावर बर्फ, मधे एक दगडी खूण. इथे आफ्रिकव्हिल नावाची वस्ती होती. आफ्रिकेचं नाव, आणि राहणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. आर्डिथची मावशी इथे राहायची. शहराने कर घेतले, नळ दिला नाही; सगळी वस्ती विहिरीचं पाणी प्यायची. एकोणीसशे साठच्या दशकात सुधारणेच्या नावाखाली वस्ती पाडली आणि काही घरांचं सामान कचऱ्याच्या गाड्यांतून हलवलं. आम्ही गेलो त्याच्या आदल्या वर्षी शहराने माफी मागितली होती आणि पाडलेलं चर्च पुन्हा बांधायचं चाललं होतं.

मी माझा ग्रंथालयातला प्रश्न तिथे विचारला. या वेळी जपून. दगडी खुणेवरचा बर्फ हाताने झाडत आर्डिथ बोलल्या. "फेब्रुवारी आला की लोक मला आफ्रिकेचे ढोल आणून दाखवतात आणि म्हणतात, हा बघ तुझा इतिहास. ढोल सुंदर आहेत. ज्यांचे आहेत त्यांनी वाजवावेत, मी ऐकीन. पण माझा इतिहास ही विहीर आहे, जिचं पाणी मावशी उकळून द्यायची. ही जमीन आहे. ब्लॅक म्हणून आमच्याशी जे वागले आणि आम्ही त्यातून जे उभं केलं, ते. ते लहान नाहीये."

मी त्यांना कोयनेचं सांगितलं. पाटणच्या खोऱ्यातली गावं धरणात गेली, माणसं कुठे कुठे पांगली. माझ्या वर्गात त्या घरांतली मुलं असायची. गाव विचारलं की ज्या गावात ती जन्मलीही नव्हती, त्या बुडालेल्या गावाचं नाव सांगायची, आणि मान वर करून सांगायची. आर्डिथनी विचारलं, त्यांना कुणी म्हणत नाही का, की ते गाव आता नाही? मी म्हटलं, म्हणतात ना. तरी ती तेच सांगतात. आर्डिथ म्हणाल्या, टाशाला हे कळायला हवं. पण आजीने सांगून कळत नाही ते.

शनिवार आठवड्यावर आला होता. आर्डिथ फोनवर सांगायच्या, टाशा वरून खाली जेवायला यायची, अभ्यास करायची, नावांचा विषय निघाला की उठून जायची. आर्डिथनी तिच्यावर जोर केला नाही. जोर करून घेतलेली नावं काय कामाची, म्हणाल्या. मला मात्र रोज वाटायचं की आधीच हललेल्या खुंट्यावर मी आणखी एक घाव घातला.

शेंगदाण्याचं कालवण

मृदुलाच्या प्रयोगशाळेत जोसेफिन नावाची एक बाई होती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिएरा लिओन देशातली, फ्रीटाउन शहराची. पन्नाशीची, हसरी, तीन वर्षांपूर्वी इकडे आलेली. मृदुलाची आई आली म्हटल्यावर तिने आम्हाला जेवायला बोलावलं.

तिने भाताबरोबर शेंगदाण्याचं कालवण वाढलं. ह्यांच्यासाठी मांस न घालता वेगळं केलं होतं. पहिल्या घासाला हे माझ्याकडे बघायला लागले. ही तर आपली एकादशीची आमटी, फक्त तिखट चौपट. मी जोसेफिनला म्हटलं, हे आमचं आहे. ती म्हणाली, छे, हे आमचं. तशी मृदुला मधे पडली आणि म्हणाली, शेंगदाणा दोघींचाही नाही, तो दक्षिण अमेरिकेतून आलाय. आम्ही दोघींनीही आणखी वाढून घेतलं.

जेवणानंतर मी तिलाही विचारलं, आफ्रिकन इतिहास आणि ब्लॅक इतिहास यांत फरक काय. ती खूप हसली. म्हणाली, "मी पन्नास वर्षं घरी होते तेव्हा मी ब्लॅक नव्हते. मी फ्रीटाउनची होते, अमक्या चर्चची, तमक्याची मुलगी. ब्लॅक मी झाले कॅनडाच्या विमानतळावर." आमच्याकडे राजे झाले, व्यापार झाले, आपसांत लढाया झाल्या, आम्हीच आमची माणसंही विकली, ते सगळं आफ्रिकेच्या इतिहासात. जहाजात कोंबून नेलेल्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला शाळेत अर्ध्या पानात होतं, असं तिने सांगितलं.

मी म्हटलं, आमच्याकडेही तुमची माणसं आली. जंजिऱ्याचा किल्ला ज्यांच्याकडून आम्हाला कधी घेता आला नाही ते सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. आणि गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी आमच्या निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने दमवलं, शहराला पाणी आणलं, आणि गनिमी कावा आमच्या मुलखाला त्याने दाखवला. शाळेत आम्ही त्याला आफ्रिकेचा इतिहास म्हणत नाही नि काळ्यांचाही म्हणत नाही. आमचाच म्हणतो. बोलता बोलता माझी मान कशी ताठ झाली ते मलाच कळलं. जोसेफिनला हे ठाऊक नव्हतं. ती पुढे सरकून ऐकत राहिली.

मग ती म्हणाली, तुला एक गंमत सांगते. फ्रीटाउनमधल्या काही जुन्या घराण्यांना अजून नोव्हास्कोशन, म्हणजे तुमच्या या प्रांतातले, म्हणतात. आमचं त्यांतलं एक. आमची माणसं इथून गेली. इथल्या खडकाला आणि थंडीला कंटाळून, दिलेली वचनं पाळली नाहीत म्हणून, पंधरा जहाजं भरून या बंदरातून निघाली आणि त्यांनी फ्रीटाउन वसवलं. मी नोकरी शोधताना हे शहर निवडलं ते काही उगाच नाही.

मी तिला विचारलं, मग त्याआधीची तुझी माणसं कोण? ती म्हणाली, ते नाही माहीत. आमची नावं या धक्क्यावर येऊन थांबतात.

घरी येऊन मी आर्डिथला फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, जोसेफिनला शनिवारी घेऊन येऊ का? मग आर्डिथ म्हणाल्या, "गेलेल्यांची सगळीकडे वाहवा होते. आफ्रिकेला परत गेले, शहर वसवलं. जे राहिले त्यांना कुणी विचारत नाही. माझ्या पोरीपुढे आता आणखी एक आफ्रिका आणून बसवू?" मी फोन ठेवायच्या बेतात होते. तेव्हा त्या म्हणाल्या, जेवायला येणाऱ्याला आमच्यात नाही म्हणत नाहीत, घेऊन या.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं मला वाटलं.

शनिवार

मी गुळाच्या पोळ्या केल्या. कॅनडातल्या कणकेच्या पोळ्या लाटताना फुटतात, पण त्याचा दोष गुळाला देऊन मी सगळ्या डब्यात भरल्या. जाताना वळणावर मृदुलाची गाडी घसरून चारीत गेली. मागून ट्रकमधून येणाऱ्या एका आडदांड माणसाने साखळी लावून ओढून काढली, आणि साखळी सोडवता सोडवता ह्यांना विचारलं, तुमची माणसं कोण? हे आता तयार झाले होते. त्यांनी तिथे बर्फात उभं राहून पाटण, कोयना सगळं इंग्रजीत सांगितलं. तो माणूसही गावजेवणालाच चालला होता.

सभागृह लाकडी, उबदार, माणसांनी भरलेलं. लांब टेबलांवर तळलेले मासे, बटाट्याचं सॅलड, गरम पाव, काकवी घातलेल्या बीन्स, रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेली पेस्ट्री. बीन्सचं एक वेगळं भांडं आर्डिथनी ह्यांच्यापुढे आणून ठेवलं. त्यात डुक्कर नव्हतं. टाशा आजीशेजारी मान खाली घालून बसली होती. डोक्याला कापड नव्हतं. आर्डिथनी तिला काहीही विचारलं नव्हतं.

नावं सुरू झाली. एकेका टेबलावरून एकेक माणूस उठायचं. कुणी सहा पिढ्या, कुणी सात. कुणाचा पणजोबा कोळशाच्या खाणीत, कुणाची आजी याच चर्चची पहिली शिक्षिका. नावं संपली की सगळे मिळून हुंकार द्यायचे. मग पाहुण्यांची पाळी आली आणि मला उभं केलं. मला आईकडून सांगायचं होतं, त्यांच्यासारखं. माझी आई, तिची आई, आणि तिसऱ्या पायरीवर मी थांबले. बापाकडचे सात पुरुष पाठ आहेत. पणजी कोण, ते माहीत नाही. लोकांनी मलाही हुंकार दिला.

जोसेफिन उठली. तिने हात टेबलावर टेकले होते. आई, आजी, पणजी अशी पाच नावं तिने फ्रीटाउनमधली सांगितली. "तिची आई या बंदरातून जहाजात चढली," ती म्हणाली. "तिचं नाव मला माहीत नाही. इथे कुणाला माहीत असेल म्हणून मी आले. माझी नावं इथे संपतात."

हुंकार कुणाला सुचला नाही. मी टाशाकडे पाहिलं. तिने प्रथमच मान वर केली होती आणि ती त्या आफ्रिकेच्या बाईकडे टक लावून बघत होती.

पुढचं घर आर्डिथचं. आर्डिथनी इकडेतिकडे न बघता टेबलाची कड धरली आणि उठायला लागल्या. त्या अर्ध्या उठल्या होत्या. टाशाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"रोझची मुलगी पेशन्स," तिने सुरुवात केली. आवाज आधी बारीक होता, मार्थापर्यंत भरला. विनी, आर्डिथ, लोरेन. "आणि मी टाशा. रोझच्या आधी कोण, मला माहीत नाही. रोझने सांगितलं नाही. पण ती जहाजं निघाली तेव्हा रोझ याच गावात होती. तिला जाता आलं असतं. ती राहिली. म्हणून हे घर आहे." माझ्या शेजारी आर्डिथ डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

टाशा खाली बसली नाही. ती टेबलाला वळसा घालून जोसेफिनपाशी गेली आणि तिच्यापुढचं रिकामं ताट उचललं. "तुमची माणसं इथून गेली, म्हणजे तुम्ही परक्या नाही," ती म्हणाली. "तुमचं घर इथे उरलं नाही, पण माझं आहे. बसा. मी वाढते."

असा हुंकार मी माझ्या आयुष्यात ऐकला नाही. ह्यांनीसुद्धा दिला. मला त्या पोरीचं हे ऐकून इतका अभिमान वाटला की जणू ती माझ्याच वर्गातून शिकून गेलेली आहे. जोसेफिन तोंडावर हात धरून रडत होती आणि टाशा तिच्या ताटात मासे, बीन्स, पाव आणि माझी फुटकी गुळाची पोळी वाढत होती. सगळ्या सभागृहात अजून कुणीही घास घेतला नव्हता. माहेरवाशीण घरी आली की आपल्याकडे पहिलं ताट तिला वाढतात. तिथेही ते पहिलं ताट तिच्यापुढे ठेवलं गेलं, आणि मग आम्ही सगळे जेवलो.